कोनाड्यातला दिवा चालतो, कपाटातला का नको?

गेल्या गणपतीत पुण्याचे भावोजी, म्हणजे आमच्या ह्यांचे मावसभाऊ, दीड दिवसासाठी रत्नागिरीला आले होते. आरती झाली, मोदक झाले, आणि माजघरात पाठ टेकायला आलेल्या भावोजींची नजर भिंतीतल्या नव्या कपाटावर गेली. काचेच्या तीन फळ्या, पुढे काचेची दोन दारं, आत पिवळसर उजेड. "हे काय करून बसलात?" एवढंच ते तेव्हा म्हणाले. उरलेलं त्यांनी पुण्याला पोचल्यावर चार पानी पत्रात लिहिलं. पत्र नुसतं आम्हाला आलं असतं तर मी ते वाचून कोनाड्यात ठेवून दिलं असतं. पण त्याच्या झेरॉक्स चिपळूणच्या मामींकडे, डोंबिवलीच्या नणंदेकडे आणि देव जाणे कुठे कुठे गेल्या. तेव्हा उत्तरही चारचौघांत द्यायला हरकत नाही.

पत्रातलं म्हणणं थोडक्यात असं. चिऱ्याच्या घरात भिंतीतलं, दिवे लावलेलं शोकेस हे शहरातून आलेलं खूळ आहे. भिंत फोडली म्हणजे घर दुबळं केलं. कोकणच्या पावसात आतलं सगळं कुजणार. आणि वस्तू काचेत कोंडल्या की त्या मरतात.

भावोजी उगाच बोलणाऱ्यांतले नव्हेत. जुन्या घरांवर त्यांचा जीव आहे. पण अशा जीव लावणाऱ्यांची आता एक जमातच झाली आहे. कोकणातलं घर म्हटलं की त्यांना सारवलेलं अंगण हवं, झोपाळा हवा, कंदील हवा. तिथे बारा महिने राहणाऱ्यांनी काही हलवायचं नाही, बदलायचं नाही. स्वतः तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीमागे निळ्या दिव्यांची पट्टी लावून बसायचं आणि आमच्या माजघरातला उजेड मोजायचा.

आता खुळाबद्दल. आमच्या माजघरात पाच कोनाडे आहेत. दोन दाराच्या दोन बाजूंना, खांद्याच्या उंचीवर; त्यांना सासूबाई देवळ्याच म्हणतात, कारण तिन्हीसांजेला तिथे दिवा लागायचा. त्या दोन्हींच्या वरचा चिरा अजून काळा आहे. तीन वेळा चुना मारून झाला तरी काजळी वर येतेच. एक चुलीजवळ, काड्यापेटी आणि मिठाच्या बरणीचा. उरलेल्या दोघांत काय ठेवायचे ते आता कुणाला आठवत नाही. शिवाय एक फडताळ आहे: भिंतीत खोल गेलेलं, आत दोन फळ्या, पुढे लाकडी दारं, दारांना कडी. म्हणजे हिशेब करा. भिंतीच्या पोटात जागा, ती आमच्याकडे होती. त्या जागेत फळ्या आणि पुढे दार, तेही होतं. त्या जागेत दिवा, तोही होता. मी नवीन आणली ती काच आणि वीज. कोनाडा आणि फडताळ यांचं लग्न लावून दिलं, एवढाच काय तो माझा गुन्हा.

आणि काच रत्नागिरीला परकी म्हणावी तर भावोजींनी थिबा राजवाड्याकडे एकदा मान वर करून पाहावं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी हा वाडा उभा राहिला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. वाड्याच्या अर्धवर्तुळाकार खिडक्यांत रंगीत काचा आहेत. ऊन उतरलं की त्यांतून आत येणारा उजेड बघायला भावोजी स्वतः पाहुण्यांना घेऊन जातात. तिथे काचेतून आलेला उजेड वारसा आणि आमच्या घरात तो खूळ, हे मला समजत नाही.

दिखाऊपणाचा एक टोमणाही पत्रात आहे, "वस्तू मांडून दाखवणं आपल्या घरांत नव्हतं" अशा शब्दांत. हे वाक्य वाचून मला हसू आलं, कारण भावोजींच्याच आईच्या चैत्रगौरीला मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले होते. पायऱ्यापायऱ्यांची उतरंड, तीवर धुतलेली इरकली, वर गौर, आणि खाली घरात असेल नसेल ते सगळं: सावंतवाडीची लाकडी फळं, चांदीची वाटी, करंज्या, शंख-शिंपले, मुलीने विणलेला रुमाल, कलिंगडाचं कातरलेलं कमळ. दोन बाजूंना समया. गावातल्या बायका हळदीकुंकवाला येत, आंब्याची डाळ खात आणि पायरीपायरीने नजर फिरवत. आरास बघायला बोलवायचं म्हणजे दुसरं काय असतं? ओटीवरच्या भिंतीला पुढे कललेल्या फोटोंची रांग, त्यावर झिरोचा लाल दिवा, हेही दाखवणंच होतं. दिव्यांच्या अवसेला तर आपण दिवेच घासूनपुसून पाटावर मांडतो, भोवती रांगोळी काढतो आणि त्यांनाच नमस्कार करतो. मांडणं, उजळणं आणि बघायला बोलावणं हे आपल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या केलं. फक्त ते संध्याकाळपुरतं असायचं आणि दुसऱ्या दिवशी आवरावं लागायचं. आवरणाऱ्या कोण होत्या, हेही भावोजींनी आठवून पाहावं.

भिंतीचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि इथे भावोजी निम्मे बरोबर आहेत. पण कुठे बरोबर आहेत ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून मीच सांगते.

आमच्याकडे काम करणारे गवंडीकाका सत्तरीचे आहेत. कपाटाचं बोलले तेव्हा त्यांनी आधी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, कोनाडा फोडत नाहीत. कोनाडा सोडतात." हे एक वाक्य त्या चार पानांना पुरून उरेल. जुना गवंडी भिंत रचतानाच तिथला चिरा लावत नसे. वरच्या थराला आडवा लांब दगड किंवा फणसाची फळी देई, म्हणजे वरचा भार दोन बाजूंना उतरे. कोनाड्याची रुंदी, उंची चिऱ्याच्या हिशेबात यायची ती यामुळे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ, ओलसर असतो, तासणीने तासता येतो, आणि वारा लागला की घट्ट होत जातो. मलबारात फिरून आलेल्या बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला जे नाव दिलं, तेही विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. पण घट्ट झाला तरी तो छिद्राछिद्रांचाच राहतो. अशा बांधलेल्या भिंतीवर नंतर ब्रेकर चालवला की लागलेला चिरा तर निघतोच, शेजारचे दोन सैल होतात, आणि सांध्यांतला जुना चुना भुगा होऊन खाली येतो.

दगडविटांच्या बांधकामाचं आपलं मानक, आयएस १९०५, हेच वेगळ्या शब्दांत सांगतं: उभी खाच पाडायची तर भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून खोल नको, आणि तीस सेंटिमीटरपेक्षा रुंद खोबणीच्या वर लिंटेल हवं. आता हिशेब करा. हल्लीची चिऱ्याची भिंत नऊ इंचांची. तिचा तिसरा हिस्सा तीन इंच. तीन इंचांत अगरबत्तीचं घर बसेल, कपाट बसत नाही. मारुती मंदिर किंवा नाचण्याच्या बाजूच्या नव्या इमारतींत खोल्यांमधली भिंत चार-साडेचार इंचांचीच; तिथे आरपार जाल. अशा ठिकाणी कपाट हवं असेल तर भिंतीपुढे ते उभं करावं आणि बाजू भरून घ्याव्यात. सहा-आठ इंच खोली लहान होईल, पण भिंत शाबूत राहील. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा या घरातल्या मांडणीवरची सगळी भांडी खडखडली, असं सासूबाई अजून सांगतात. अशा प्रदेशात भार घेणारी भिंत कुणाच्या हौसेखातर पोखरू नये, याबाबत माझा आणि भावोजींचा शब्दाचाही वाद नाही.

फक्त आम्ही भिंत फोडलीच नाही. त्यांनी विचारलं असतं तर दाखवलं असतं.

माजघराच्या मागे पूर्वी उघडी पडवी होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ती भिंत घालून बंद केली आणि तिथे स्वयंपाकघराची वाढीव खोली झाली. माजघराची मागची खिडकी त्यामुळे घरातल्या घरातच अडकली. ना वारा, ना उजेड, नुसते गज. तिच्यात वर्षानुवर्षं औषधांची खोकी, जुनी पंचांगं आणि एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर होता. भिंत दीड फुटाची. खिडकीवर सागवानी तुळवट आधीपासून बसलेला, भार कधीचा बाजूंना उतरलेला. आम्ही गज काढले, चौकट ठेवली, आणि जिथे जागा सोडलेलीच होती तिथे कपाट बसवलं. एक चिरा हलला नाही.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते, आधी घरात अशी मुकी खिडकी शोधा. कोकणातल्या वाढत गेलेल्या प्रत्येक घरात एखादी तरी असते. आणि ती गुण्यात नसते. आमची वरून साडेतेहतीस इंच निघाली, खालून चौतीस. सुताराने वरचं एकच माप घेऊन काच टफन करायला दिली होती. टफन काच भट्टीतून निघाली की पुन्हा कापता येत नाही, त्यामुळे खालची फळी डगडग हलायला लागली आणि नवी आणावी लागली. मग प्लायची पेटी बाहेर स्वतंत्र बनवून ती चौकटीत सरकवली, आणि कडेची वाकडी फट बीडिंगखाली झाकली. पेटी खिडकीच्या उंबऱ्यावर बसली आहे, भिंतीला लटकलेली नाही. चिऱ्यात गिट्टी मारून स्क्रू आवळला की थोड्या दिवसांनी तो गोल फिरतो, हे इथल्या प्रत्येक घरधन्याला पंखा किंवा पडदा बसवताना कळलेलं असतं.

पावसाबद्दल पुण्याहून आलेला सल्ला मी जरा हसूनच वाचला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत कोरडे कपडेही ओलसर लागतात, आणि चपलांना बुरा येतो. हे आम्हाला सांगायचं? पूर्वी पश्चिमेच्या भिंतीला नारळाची झापं बांधत, ती याचसाठी. म्हणूनच कपाट बाहेरच्या भिंतीत नको, आतल्या भिंतीत हवं. आमचं आतल्या भिंतीत आहे. पेटीची पाठ चिऱ्यापासून बोटभर लांब ठेवली आहे, खाली आणि वर वाऱ्याला भोकं आहेत, आणि प्लाय पाण्याला टिकणारा, आयएस ७१० चा शिक्का असलेला. आत दोन लहान डब्यांत निळे खडे आहेत. ओल पिऊन ते गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात.

भावोजींनी एक पुरावा दिला आहे. श्रावणात सासऱ्यांच्या आईचा फोटो काचेला चिकटून खराब झाला, हे त्यांना सासूबाईंनी सांगितलं. खरं आहे. डाव्या गालाचा तुकडा काचेवर राहिला, आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण तो फोटो कपाटाच्या काचेला चिकटला नव्हता. तो स्वतःच्याच फ्रेमच्या काचेला चिकटला. मधे जाड पुठ्ठ्याची चौकट घातली नव्हती म्हणून. ओटीवर टांगला असता तरी हेच झालं असतं, आणि ओटीवरच्या दोन फोटोंचं तसं झालेलंही आहे. चूक माझी, कपाटाची नव्हे. आता आत फोटोची प्रत ठेवली आहे. मूळ फोटो पाकिटात, अंधारात. कारण उजेडालाही मर्यादा असते. जुने कागद आणि कापड यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड टाकू नये, असा संग्रहालयांचा रिवाज आहे. म्हणून नणंदेची बाळपणीची रेशमी कुंची मी आत ठेवलेली नाही, कितीही मागणी असली तरी.

आणि दिव्याने ओल वाढते की कमी होते? पावसाळ्यात पेटी-तबलावाले कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवतात, कॅमेरेवाले पूर्वी तेच करत. बंद जागेतली थोडीशी ऊब बुरशीला आवडत नाही. कोनाड्यातली पणती हेच करत असणार, फक्त ती काजळी धरायची.

पण दिवा कुठे लावायचा यात अक्कल लागते. सुताराने पहिल्यांदा प्लायच्याच फळ्या टाकल्या आणि वर मधोमध एक दिवा बसवला. वरचा कप्पा लखलखला, खालचे दोन कप्पे काळोखात. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या घरी अशी खरी झाली. मग फळ्या काचेच्या केल्या, आणि दिव्याच्या पट्ट्या दाराच्या आतल्या दोन्ही कडांना उभ्या बसवल्या, बीडिंगआड लपवून, तोंड आत करून. पट्टी मागे लावली तर वस्तूची नुसती काळी आकृती दिसते. पुढून, बाजूने उजेड आला की पितळेवरची नक्षी वर येते. रंग पिवळसर घ्यावा. निळसर पांढरा घेतला की घराचं मेडिकल स्टोअर होतं. दिव्याचा ड्रायव्हर पेटीत कोंडला नाही, बाहेर स्विचबोर्डाजवळ ठेवला आहे, कारण मृगाच्या पहिल्या गडगडाटात काही जायचंच असेल तर तोच जातो, आणि तो बदलायला कपाट उलगडायला लागू नये.

विजेची उधळपट्टी हा आक्षेप भावोजींनी कंसात टाकला आहे, तर उत्तरही कंसातलंच देते. (दोन मीटर पट्टी, मीटरला दहा वॅट. रोज चार तास, महिन्याला दोन पूर्णांक चार युनिट. न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर तेवढी वीज सव्वा तासात खातो. भावोजी दीड दिवसात तीन वेळा आंघोळीला गेले होते.)

राहिला शेवटचा आरोप, काचेत कोंडलेल्या वस्तू मरतात हा. पत्रात हाच एक परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण त्यात तथ्य आहे. रोजची समई मी काचेत ठेवणार नाही. ती देवासमोर तेलकट हातांनी हाताळलेलीच चांगली. ताकाची रवी अजून घुसळते, ती खुंटीलाच आहे. पण सासऱ्यांचा पानाचा डबा? ते गेले आणि घरात पान खाणारं कुणी उरलं नाही. डब्यात चुन्याची डबी, कातरलेल्या सुपारीचे चार तुकडे आणि मोराच्या आकाराचा अडकित्ता, त्याचं बिजागर किंचित सैल. हा डबा वापरात ठेवायचा म्हणजे कुणी वापरायचा? त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक माळ्यावरची, जिथे बारा वर्षं उंदरांनी त्याच्याभोवती संसार केला. दुसरी गाडीतळावरच्या मोडीच्या दुकानाची, जिथे पितळ किलोवर जातं आणि मोराला वेगळा भाव मिळत नाही. वस्तू मरते ती तिथे.

शिवाय हे पुण्याच्या माणसाने लिहावं! शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात भावोजींनी मला स्वतः नेलं होतं. दिनकर केळकर हा चष्म्याच्या दुकानातला माणूस, अज्ञातवासी नावाने कविता करणारा. त्याने आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, कंगवे, भांडी गोळा केली, वीस हजारांच्या घरात वस्तू जमवल्या आणि मुलाच्या आठवणीसाठी त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. तिथे अडकित्त्यांसमोर भावोजी अर्धा तास उभे होते. काचेपलीकडच्या एका मोराकडे बोट दाखवून म्हणाले होते, "असा एक काकांकडे होता, आता कुठे असेल कोण जाणे." तो माळ्यावर होता. आता माजघरात आहे, मधल्या फळीवर, डाव्या बाजूच्या दिव्याच्या थेट उजेडात. भावोजी त्या दुपारी कपाटाकडे बघून रागावले, पण अडकित्ता त्यांना दिसला नाही. एवढ्या जवळून बघायची त्यांची तयारीच नव्हती.

एक मात्र मान्य करते. पहिल्या महिन्यात मी तीन फळ्यांवर सव्वीस वस्तू लावल्या होत्या, आणि कपाट खरोखर भांड्यांच्या दुकानासारखं दिसत होतं. आता सात आहेत. बाकीच्या आलटून पालटून येतात. दिव्यांच्या अवसेला आतलं सगळं बाहेर निघतं, चिंचेने घासलं जातं, आणि मग कोण आत जाणार यावर सासूबाई आणि मी भांडतो.

पत्राच्या शेवटी भावोजींनी सुचवलं आहे की कपाट काढून ती जुनी खिडकी मूळ स्वरूपात उघडी करावी, गजांसकट, म्हणजे माजघराला तिचं जुनं दर्शन परत मिळेल. गज माळ्यावर जपून ठेवलेत, हवे तेव्हा बसतील. पण पडवी आता राहिलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात दिसत नाही. ती खिडकी उघडली तर भावोजींना तिच्यातून आमचा फ्रिज दिसेल.